सिल्लेवाड्याचे पान आणि तुमची वही

खापरखेड्यात नव्या माणसाशी ओळख करून घेताना पहिला प्रश्न असतो, ‘कुठे आहात?’ वीज केंद्रात, वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींत), कंत्राटदाराकडे, नाहीतर रोज नागपूरला ये-जा. उत्तर बहुधा या चारपैकी एक असते. मग बॉयलर की टर्बाइन, जनरल की पाळी, क्वार्टर मिळाले की भाड्याने राहता, एवढी चौकशी होते आणि माणूस कळला असे धरून चालतात. गावाचीही ओळख अशीच आकड्यांतली आहे. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा पाचवा, एकूण १३४० मेगावॉट. राज्यात खापरखेड्याचे नाव निघते ते यासाठी.

यात वावगे काही नाही. कामाने माणसाला ओळख द्यावी आणि त्याने ती अभिमानाने सांगावी. अडचण पुढे येते. बदलीचा आदेश निघतो, कंत्राट संपते, किंवा निरोप समारंभाचे शाल-श्रीफळ घेऊन माणूस घरी येतो आणि काही दिवसांत क्वार्टर रिकामे करतो. तीस वर्षे ज्या शब्दांत स्वतःबद्दल सांगितले, ते शब्द आता त्याचे राहत नाहीत. घर सांभाळणाऱ्या बाईची अडचण याहून जुनी आहे. वसाहतीत तिला कित्येकदा नवऱ्याच्या विभागावरून ओळखतात. मुलांना टक्क्यांवरून ओळखतात.

अशा सगळ्यांसाठी एक करून पाहण्याजोगा मार्ग आहे. डोळ्यांसमोरच्या एखाद्या गोष्टीबद्दल खरा प्रश्न धरावा, त्याचा माग काढत राहावे आणि जे दिसेल ते तारखेनिशी लिहून ठेवावे. छंदाला याहून मोठे भांडवल लागत नाही. अशी नोंदवही असलेल्या माणसाची ओळख बदलीने पुसली जात नाही आणि निवृत्तीने संपत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण शोधायला खापरखेड्याबाहेर फार लांब जावे लागत नाही. ते शेजारच्या सिल्लेवाड्याचे आहे.

१८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला. शाळा चालवणे आणि धर्मप्रसार करणे हे त्याचे काम होते. नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. भूविज्ञान हा त्याचा पेशा नव्हता. १८५१ मध्ये तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर टाकळीच्या बाजूला फिरायला गेले होते. ती टाकळी आज नागपूर शहराच्या पोटात आली आहे. तिथे लाव्ह्याच्या काळ्या दगडांच्या सोबतीने असलेल्या थरात त्यांना गोगलगाईचा शंख दगड झालेल्या अवस्थेत दिसला, आणि तोही गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचा. तापलेल्या लाव्ह्याच्या शेजारी पाण्यातला जीव आला कसा?

हा प्रश्न दोघांनी सोडला नाही. आज त्याचे उत्तर शाळेतल्या मुलालाही सांगता येते. दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी तळी साचली, त्यांत गोगलगाई जगल्या, मेल्या, गाळात रुतल्या आणि पुढच्या लाव्ह्याने ते सारे झाकून टाकले. पण १८५१ मध्ये हे उत्तर हाताशी नव्हते. शाळांच्या निमित्ताने दौरा निघाला की हे दोघे वाटेतले दगड पाहत, नमुने घेत, गावाचे नाव लिहून ठेवत. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर दोघांचा निबंध छापून आला.

कामठी आणि सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना पानांचे ठसे मिळाले. जिभेसारखे लांबट पान, मध्ये ठळक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. हे ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीचे पान. ठसे इंग्लंडला गेले आणि चार्ल्स बनबरी या वनस्पतिअभ्यासकाने १८६१ मध्ये नागपूरच्या या जीवाश्म वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले.

त्या पानाचा पुढचा प्रवास सिल्लेवाड्याच्या प्रत्येक मुलाला सांगावा असा आहे. हीच पाने दक्षिण आफ्रिकेत सापडली, ऑस्ट्रेलियात सापडली, दक्षिण अमेरिकेत सापडली. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मरण पावले. त्यांच्यापाशी सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिसचे ठसे निघाले. या वनस्पतीचे जड बी समुद्र ओलांडून वाऱ्यावर जाणे अवघड. मग हे सारे भूभाग कधीकाळी एकमेकांना जोडलेले असावेत, या विचाराला या पानाने मोठा आधार दिला. त्या जुन्या महाखंडाला गोंडवाना हे आपल्याच मुलखाचे नाव मिळाले. वलनी, सिल्लेवाडा, पाटणसावंगीच्या खाणींतून निघालेला दगडी कोळसा त्याच कुळातल्या वनस्पतींचा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत साचलेला. खापरखेड्याच्या बॉयलरमध्ये आज जे जळते ते हेच अरण्य. पाळीवरचा कामगार ज्याला रोज हात लावतो, त्या वस्तूला एवढा इतिहास आहे आणि त्याचा पहिला धागा फावल्या वेळात दगड पाहणाऱ्या माणसांनी सोडवला.

हिस्लॉपने गोंडांच्या कथा, गाणी आणि शब्दही टिपून घेतले. त्याचे हे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये संपादित करून छापले. धर्मप्रसारकाची नजर त्या लिखाणात आहेच आणि ती ओळखूनच ते वाचावे लागते. तरी जे ऐकले ते लिहून ठेवले, म्हणून आज ते तपासता तरी येते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात बुडून हिस्लॉपचा मृत्यू झाला. वय ४५ होते. टाकळीजवळच्या एका हिरवट कॅल्साइटला त्याचे नाव आहे: हिस्लोपाइट.

वाचकांनी या गोष्टीतून एक व्यवहाराची बाब उचलावी. हिस्लॉपने ‘भूविज्ञान शिकायचे आहे’ असा संकल्प केला नव्हता. त्याला एक शंख दिसला आणि तो अडला. छंद निवडताना बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. चित्रकला शिकू, गिटार घेऊ, फोटोग्राफी करू असे ठरते. क्लास लागतो, सामान येते आणि दोन महिन्यांत ते माळ्यावर जाते. शिकण्याला प्रश्नाची ओढ नसली की असे होते. म्हणून आधी अडून बघा. ‘हे असे काहून?’ असे मनात आले आणि दुसऱ्या दिवशीही ते गेले नाही, तर तो तुमचा विषय.

खापरखेड्यात असे प्रश्न पावलोपावली आहेत. कूलिंग टॉवरवरचा पांढरा लोट आणि चिमणीतून निघणारा धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बहुतांशी पाण्याच्या वाफेचा असतो. जानेवारीच्या पहाटे तो लोट लांबवर रेंगाळतो आणि मेच्या दुपारी टॉवरच्या तोंडाशीच विरतो. असे का, हे हवेतल्या ओलाव्यावर आणि तापमानावर ठरते. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी, त्या लोटाची अंदाजे लांबी आणि त्या वेळचे तापमान लिहिले, तर वर्षभरात गावाच्या हवेची एक वही तयार होते. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारण तीस ते चाळीस टक्के. मग ती राख जाते कुठे, राखेच्या विटा कशा बनतात, त्या लाल विटेपेक्षा किती पाणी शोषतात? एक-एक वीट वजन करून बादलीत चोवीस तास बुडवायची, बाहेर काढून पुसायची आणि पुन्हा वजन करायचे. सातवीच्या मुलीला जमेल असा हा प्रयोग आहे आणि घर बांधणाऱ्या शेजाऱ्याला तिचे उत्तर हवेच असते.

आणखी एक, खास आपल्या अक्षांशाचा. खापरखेडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१.३ अंश उत्तरेवर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा मेच्या २६-२७ तारखेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यात. जुलैतला दिवस ढगांत जातो, मेमधला हाती लागतो. सपाट फरशीवर ओळंब्याने तपासून एक नळी सरळ उभी करायची. सावली नाहीशी होण्याचा क्षण घड्याळातल्या बाराला येत नाही, सुमारे ११ मिनिटे उशिरा येतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला ७९ अंशांच्या आसपास आहोत, मुख्यतः त्याचा हा परिणाम. अंगणात उभे राहून एवढी मोठी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते, यासारखा आनंद दुसरा नाही. उन्हाची मात्र काळजी घ्यावी. सूर्याकडे पाहू नये, नळीच्या बुडाशी पाहावे. आकाशाची ओढ लागली तर गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र आणि तिथले तारांगण नागपूरच्या एका फेरीत होते.

वही कशी ठेवावी, हा या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. साधी शंभर पानी वही चालते. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि जागा हवी, आणि जागा म्हणजे ‘नदीवर’ इतकी मोघम चालत नाही. ‘कोलार नदी, चनकापूरकडचा काठ, अमुक झाडाजवळ’ असे लिहावे. त्याखाली दिसले ते. त्याखाली वेगळ्या ओळीत आपला अंदाज. ही दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नयेत, कारण पाच वर्षांनी वही उघडल्यावर आपण काय पाहिले होते आणि काय मानले होते हे ओळखता आले पाहिजे. कोणी सांगितलेली माहिती असेल तर सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने टिपावे. शेवटी, जे कळले नाही ते. अनुभवी निरीक्षकांच्या वह्यांत ही शेवटची ओळ हमखास भरलेली असते आणि पुढचा आठवडा तीच ठरवते. मोबाइलने फोटो काढताना वस्तूशेजारी रुपयाचे नाणे ठेवले की आकार कळतो. फोटो हजार होतात, सापडत एकही नाही. म्हणून फोटोची तारीख वहीत हवीच.

वहीची ताकद पाहायची तर मारुती चितमपल्लींकडे पाहावे. ते वनखात्यात नोकरीला होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी बदल्या होत राहिल्या. नोकरी करताना त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले आणि ज्यांना जंगल कळते त्यांच्याकडून शिकून घेतले. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांचे ऋण त्यांनी आपल्या लेखनात मनापासून मांडले आहे. या साठ्यातून ‘पक्षिकोश’ झाला, ललित पुस्तके झाली, २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आले आणि २०२५ मध्ये पद्मश्री. अधिकारी म्हणून त्यांचा हुद्दा काय होता हे आज सांगता येणारे थोडे. त्यांच्या पुस्तकातून एखाद्या पक्ष्याचे मराठी नाव शिकलेले हजारो.

पक्ष्यांचेच बोलायचे तर हिवाळ्यात नागपूर जिल्ह्यातल्या तलावांवर हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. त्यांच्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. साधी ८ × ४० चालते, तीही दोन-तीन जणांत मिळून घेता येते. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली की ती जगभरच्या अभ्यासकांना वापरता येते. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या परसबागेतल्या पक्षिगणनेत किमान १५ मिनिटांची गणती पुरते. ज्यांना पक्षी पळतात म्हणून राग येतो त्यांनी झाड धरावे. सीझनवॉच या भारतीय उपक्रमात दर आठवड्याला एकाच झाडाची पाने, फुले, फळे पाहून नोंदवायची असतात. क्वार्टरसमोरचा कडुनिंब किंवा आंबा यासाठी उत्तम. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारे झाड असेल तर वेगळा वेळ काढावाच लागत नाही.

वेळेचा प्रश्न खरा आहे. पाळीवर काम करणाऱ्याचे झोपेचे गणित दर आठवड्याला बदलते, आणि ‘रोज पहाटे पाचला उठा’ हा सल्ला त्याच्या काही उपयोगाचा नाही. त्याने छंद घड्याळाला बांधू नये, कामाच्या वाटेला बांधावा. रात्रपाळी संपवून येताना नेहमीच्या वळणावर दहा मिनिटे थांबणे, पहिल्या पाळीनंतर चहाआधी एक नोंद, एवढे पुरे. बायकांच्या बाबतीत प्रश्न वेळेपेक्षा मान्यतेचा असतो. तिने पापड लाटले तर ते काम, झाडाकडे बघत उभी राहिली तर वेळ घालवणे. घरातल्या इतरांनी याकडे गांभीर्याने पाहायला हवे. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला तर त्या घरात एक अभ्यासक तयार होऊ शकतो.

दुर्गा भागवतांचे आयुष्य या संदर्भात वाचावे. मध्य प्रांतात आदिवासींचा अभ्यास करत असताना विषारी सुरण खाण्यात आल्याने त्या वर्षानुवर्षे आजारी होत्या. नियमित संशोधनाची वाट तिथे अडली. पण ऋतू बदलताना झाडे, आकाश, पाऊस कसे बदलतात हे त्या पाहत राहिल्या, आणि १९५६ मध्ये बारा महिन्यांचे ‘ऋतुचक्र’ आले. त्याच बाईंनी लोकसाहित्यावर विद्वत्तेचे ग्रंथ लिहिले, आणीबाणीला उघड विरोध केला आणि ‘खमंग’ नावाचे पाककृतींचे पुस्तकही लिहिले. स्वयंपाकाला त्यांनी अभ्यासाइतकाच मान दिला. आपण नेमके कोण, संशोधक की गृहिणी की कलावंत, याचे एकच उत्तर द्यायचे बंधन माणसावर नाही, हे त्यांच्या ग्रंथांच्या यादीवरून कळते.

दामोदर धर्मानंद कोसंबींचे उदाहरण तर छंद किती दूर नेतो याचे. जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबेनचा. पेशा गणिताचा, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. त्यांना प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांनी गाठले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणजे जास्त काळ वापरातल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढतो. कोसंबींनी हजारो नाणी तराजूत घालून हे तपासले, त्यासाठी चलनातली आधुनिक नाणीही तोलली, आणि पुरलेल्या साठ्यांचा कालक्रम संख्याशास्त्राने मांडला. पुण्याच्या टेकड्यांवर पायी फिरताना ते अश्मयुगीन गारगोटीची लहान हत्यारे वेचत. इतिहासाचे शिक्षण न घेतलेल्या या माणसाने प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला नवे वळण दिले. त्यांनी आपला पेशा सोडला नाही. पेशातले हत्यार, म्हणजे संख्याशास्त्र, छंदाला लावले. हा सर्वांत उपयोगी धडा खापरखेड्यातल्या कामगारांसाठी आहे. वेल्डरच्या हातात, इलेक्ट्रिशियनच्या मीटरमध्ये, खाणीतल्या सर्व्हेअरच्या नजरेत असे कौशल्य आहे जे पक्षिनिरीक्षकांपाशी किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांपाशी नसते. कामावरचे कौशल्य घरी घेऊन या आणि ते प्रश्नाला लावा. भंगारातल्या लोखंडाची शिल्पे, जुन्या मोटारीच्या वाइंडिंगमधून बनवलेले भूकंपमापक, विहिरींच्या पातळीचा वर्षभराचा आलेख. काय होईल ते ज्याच्या त्याच्या हातावर आहे.

दिनकर केळकरांचेही असेच. घरचे दुकान चष्म्यांचे. कविता ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहायचे. साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या घरांत, बाजारात पडलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली: अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, दौती, कोरीव दरवाजे. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते त्यांत त्यांना कारागिराचा हात दिसत होता. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्यात राजा केळकर संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह राज्य शासनाकडे गेला. जमवणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: वस्तू कुठून, कोणाकडून, कधी मिळाली आणि ती कशी वापरत, ही चिठ्ठी वस्तूइतकीच मोलाची असते. चिठ्ठी नसेल तर अडगळ वाढते.

सर्जनशील छंदाबद्दल एक स्पष्ट मत द्यायला हवे. पहिल्या वर्षात छंदातून पैसा काढायला जाऊ नये. ‘छान करतेस, विकत का नाहीस?’ हे कौतुक म्हणून बोलले जाते, पण ऑर्डर घेतली की दुसऱ्याच्या पसंतीचे रंग येतात, तारीख येते, आणि स्वतःचा प्रश्न मागे पडतो. मोबाइलवरच्या पसंतीच्या अंगठ्यांचाही परिणाम तोच. आधी हात बसू द्या, आपले काय आहे ते उमगू द्या. नागपूर-भंडाऱ्याकडची खडी गंमत ही लोककला वर्षानुवर्षे गावोगावी टिकली ती शेतीची, मजुरीची कामे सांभाळून रात्री डफ-ढोलकीवर उभे राहणाऱ्यांच्या जिवावर. शाहीर म्हणून त्यांना मिळालेला मान कोणत्याही मजुरीने दिला नसता.

जिथे पाय टाकू नये अशा जागाही सांगायला हव्यात. चालू किंवा बंद खाण, खचलेली जमीन, राखेचा बंधारा, कोळशाची रेल्वेलाइन, वीज केंद्राचे कुंपण यांच्या आत कुतूहलाला परवानगी नाही. राखबंधाऱ्याचा पृष्ठभाग कोरडा दिसला तरी खाली चिखल असतो आणि माणूस रुततो. नदीत उतरून रेतीच्या खड्ड्यांत शिरू नये. सापडलेल्या वस्तूंनाही कायदा आहे. जमिनीत पुरलेले जुने धन किंवा नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती-शिल्पांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरटी, अंडी, प्राण्यांची कातडी वा शिंगे जमवण्याचा विचारही करू नये. दगडात पानाचा ठसा दिसला तर हातोडी चालवू नका. नाणे ठेवून फोटो काढा, जागा टिपा आणि नागपूर विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला किंवा सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला दाखवा.

जाणकाराला दाखवणे या पायरीला लोक लाजतात, आणि बरेच छंद तिथेच खुरटतात. हिस्लॉपने आपले ठसे बनबरीपर्यंत पोहोचू दिले नसते, तर सिल्लेवाड्याचे पान एखाद्या कपाटात राहिले असते. काटोल मार्गावर जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. तिथल्या उत्खननाचा अहवाल १८७९ मध्ये लिहिणारा रिव्हेट-कार्नॅक सरकारी नोकर होता आणि काही काळ कापूस आयुक्तही. दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्या त्याला खटकल्या, म्हणून त्याने युरोपातल्या तशाच खुणांशी त्या ताडून पाहिल्या आणि अभ्यासकांना पत्रे लिहिली. जुनापाणी एका सुटीच्या दिवशी पाहून होते. दुसऱ्या सुटीला १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. मुलांना नेताना वही द्या आणि एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढायला सांगा. सगळी दालने धावत पाहण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

खापरखेड्यासाठी सर्वांत तातडीचा विषय मात्र दगडांत किंवा आकाशात नाही, माणसांत आहे. २१० मेगावॉटचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. तेव्हा पंचविशीत रुजू झालेला माणूस आज साठी ओलांडून निवृत्त आहे. त्याआधीच्या, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातल्या जुन्या वीजगृहावर राबलेली माणसे आता फार थोडी. इतवारी-छिंदवाडा मार्गावरची ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे खापरखेडा स्थानकातून धावायची. २०१५ च्या अखेरीस ती थांबली आणि तिथे ब्रॉडगेज आले. अशा गाड्यांची इंजिने आणि सामान नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात पाहता येते, पण त्या गाडीतून दूध, भाजी आणि शाळेची पोरे कशी जात, कोण कुठे उतरे, पावसाळ्यात गाडी कुठे अडे, हे कोणत्याही संग्रहालयात नाही. खाणीत कामाला आलेली कुटुंबे छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहार, आंध्र अशा ठिकाणांहून आली. त्यांच्या घरची गाणी, पदार्थ, शिव्या आणि ओव्या एका वसाहतीत एकमेकांना भेटल्या. त्यातून जी बोली झाली, ती कोणी टिपल्याचे ऐकिवात नाही.

हे काम परक्या अभ्यासकाने येऊन करण्यासारखे नाही. त्याला पहिल्या पाळीचा भोंगा ओळखीचा नसतो. तुम्हाला असतो. म्हणून या रविवारी प्रकाशनगरातल्या, चनकापुरातल्या किंवा वलनीतल्या एका निवृत्त कामगाराकडे, किंवा कामगाराच्या पत्नीकडे, वही घेऊन जा. मोबाइलवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा. ‘कामाचा पहिला दिवस कसा होता?’ एवढ्या एका प्रश्नाने सुरुवात करा, मध्ये बोलू नका, आणि घरी आल्यावर त्याच रात्री तारीख घालून सगळे लिहून काढा. त्यांना पुढच्या आठवड्यात ते वाचून दाखवा. चुकले असेल ते तेच दुरुस्त करतील.